स्कॉटलंडच्या शेतशिवारात वसंतातली पायपीट: नव्याने आलेल्यांसाठी

एडिनबरा, ग्लासगो, ॲबर्डीनला शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली मंडळी पहिल्या सुट्टीत थेट हायलँड्स गाठतात, स्काय बेटावर फोटो काढतात आणि स्कॉटलंड पाहून झालं असं म्हणतात. मधला शेतीचा मुलूख गाडीच्या खिडकीतूनच मागे जातो. मित्रमैत्रिणींबरोबर दिवसभर चालायला माझ्या मते याच्याइतकी चांगली जागा नाही. ना डोंगर चढण्याची तयारी लागते, ना गाडी, ना फार पैसे. मार्चअखेर ते मेअखेर हा त्यातला सगळ्यात सुरेख काळ.

पण हाच काळ इथल्या शेतकऱ्याच्या वर्षातला सर्वांत धावपळीचा असतो. मेंढ्या वितात, जवाची पेरणी चालू असते, गाई वासरांसह बाहेर सोडल्या जातात. आपण चालतो ते त्याच्या कामाच्या जागेतून. म्हणून वाट कशी शोधायची इतकंच न सांगता, समोरच्या शेतात आज काय चाललंय हे कसं ओळखायचं तेही सांगते. ते जमलं की वाट आपोआप सापडते.

आधी हक्क समजून घ्या

इंग्लंडहून स्कॉटलंडला आलेल्यांचा इथेच गोंधळ होतो. इंग्लंडमध्ये शेतातून चालायचं तर बहुतेक ठिकाणी नकाशावर आखलेल्या सार्वजनिक पायवाटेवरूनच जावं लागतं. स्कॉटलंडमध्ये २००३च्या जमीन सुधारणा कायद्याने जवळजवळ सगळ्या जमिनीवर आणि नद्या-तलावांच्या पाण्यावर जबाबदारीने जाण्याचा हक्क सर्वांना दिला. २००५पासून तो अमलात आहे. तो नागरिकत्वावर किंवा व्हिसावर अवलंबून नाही, आणि कुणाची लेखी परवानगी लागत नाही. ‘जबाबदारीने’ म्हणजे काय, हे ‘स्कॉटिश आउटडोअर ॲक्सेस कोड’मध्ये सविस्तर लिहिलेलं आहे. फुकट मिळतो, सोप्या इंग्रजीत आहे, निघण्याआधी एकदा वाचाच.

काही जागा या हक्कातून वगळलेल्या आहेत. घर आणि त्याभोवतीची बाग, शेतकऱ्याचं अंगण आणि गोठे-कोठारांचा परिसर, शाळेचं आवार, खाणी, रेल्वेचे रूळ, आणि ज्यात पीक पेरलेलं किंवा उगवलेलं आहे ती जमीन. मोटारगाडी किंवा मोटारसायकल घेऊन शेतात शिरण्याचा हक्क नाही. एखादी मान्य वाटच गोठ्यांमधून जात असेल तर तिथून जायला हरकत नाही, पण रेंगाळू नका. नसेल तर वळसा घाला.

पेरलेल्या शेतात जाता येत नाही, पण त्याच्या बांधावरून जाता येतं. आपल्याकडे शेजाऱ्याच्या रानातून जाताना बांध धरूनच जातात, इथेही तसंच करायचं. बांध अरुंद असेल तर एकामागोमाग एक चाला. पिकात ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या, न पेरलेल्या दोन समांतर पट्ट्या दिसतात. बांधावरून जाणं अशक्य असेल तर त्या पट्ट्यांवरून जाता येतं.

शेत ओळखायला शिका

नवख्याची सर्वांत मोठी फसगत हिरव्या रंगाने होते. एप्रिलमध्ये सगळंच हिरवं असतं आणि सगळं गवतच वाटतं. पण स्कॉटलंडमध्ये सर्वांत जास्त पेरलं जाणारं धान्य म्हणजे जव, ज्याला आपण सातूही म्हणतो. त्यातला बराचसा माल्ट होऊन व्हिस्कीच्या भट्ट्यांकडे जातो. त्याची पेरणी मार्च-एप्रिलमध्ये होते आणि कोवळे कोंब लांबून थेट हिरवळीसारखे दिसतात. ओळखायची खूण अशी: खाली वाका आणि ओळी दिसतात का बघा. सरळ ओळी आणि मध्ये उघडी माती दिसली तर ते पीक. गच्च, विस्कळीत, जागोजागी मेंढ्यांनी कुरतडलेलं दिसलं तर ते कुरण, तिथून चालायला हरकत नाही.

तिसरा प्रकार फसवा आहे. एकही जनावर नसलेलं, दाट, घोट्याच्या वर आलेलं लुसलुशीत गवत. ते बहुतेक वेळा मुरघासासाठी राखलेलं असतं आणि पहिली कापणी मेअखेर-जूनच्या सुमाराला होते. गवत वाढत आलं की त्यातून आडवं जायचं नाही, कडेने जायचं. तुडवलेलं गवत कापणीच्या यंत्राला नीट मिळत नाही, म्हणजे हिवाळ्यात तितका चारा कमी.

मे महिन्यात पूर्वेकडे पिवळीधमक शेतं दिसतात, ते मोहरीच्या कुळातलं तेलबियांचं पीक. फोटोसाठी आत शिरायचा मोह आवरा. बांधावरून तितकाच चांगला फोटो येतो. ट्रॅक्टर लांब हात पसरून फवारणी करत असेल किंवा शेणकाला उडवत असेल तर थांबा, वारा जिकडून येतोय त्या बाजूला सरका आणि चालक बघेल अशा ठिकाणी उभे राहा. तो बहुधा हात करून सांगतो कधी जायचं ते.

मेंढ्या, गाई आणि टिटव्या

सखल भागात मेंढ्या विण्याचा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये आणि डोंगराळ भागात एप्रिलच्या मध्यापासून मेपर्यंत असतो. विणारी मेंढी घाबरून पळाली तर नुकतंच जन्मलेलं कोकरू मागे राहतं, आणि दोघांची ओळख जमायच्या आतच ताटातूट झाली तर मेंढी ते पुन्हा जवळ घेईलच असं नाही. म्हणून अशा कुरणाला पर्याय असेल तर दुसऱ्या कुरणातून जा. नसेल तर कडेकडेने, हळू आवाजात आणि थेट कळपाकडे न जाता. एकटं कोकरू ओरडताना दिसलं तरी उचलू नका. बहुतेक वेळा आई पन्नास पावलांवर चरत असते. खरंच अडकलेलं किंवा मलूल दिसलं तर शेतकऱ्याला गाठून सांगा.

एक गोष्ट मात्र हात लावून करण्यासारखी आहे. गाभण, लोकर वाढलेली मेंढी कधी कधी पाठीवर उलटी पडते आणि चारही पाय वर करून तशीच राहते. तिला स्वतःहून उठता येत नाही. पोटात वायू साठत जातो आणि काही तासांत ती मरू शकते. दोघांनी कडेने जाऊन लोकरीला घट्ट धरून तिला कुशीवर वळवायचं, उभं करायचं आणि तिचे पाय स्थिर होईपर्यंत थोडा वेळ आधार द्यायचा. शेतकरी जवळपास असेल तर आधी त्यालाच हाक मारा.

इथे एक इशारा गांभीर्याने देते. तुमच्या गटात कुणी गरोदर असेल तर तिने विणाऱ्या मेंढ्या, नवजात कोकरं आणि वार पडलेल्या जागा पूर्णपणे टाळायच्या. टोक्सोप्लाझ्मा, लिस्टेरिया आणि मेंढ्यांमध्ये गर्भपात घडवणारे जंतू यांच्यापासून पोटातल्या बाळाला खरा धोका असतो. मेंढी उठवायला गेलेल्या मैत्रिणीच्या बुटांनाही गरोदर मैत्रिणीने हात लावू नये. वसंतात तिच्याबरोबर जायचं असेल तर समुद्रकिनाऱ्याची किंवा जंगलातली वाट निवडा.

आता गाईंबद्दल. आपण लहानपणापासून गाईच्या मानेवरून हात फिरवत आलोय, आणि वासरू दिसलं की पाय आपोआप तिकडे वळतात. इथे तसं करू नका. मांसासाठी पाळलेल्या या गाई वासरांसह मोकळ्या रानात राहतात, त्यांना माणसाच्या हाताची सवय नसते, आणि वासरू जवळ असताना अनोळखी माणूस त्यांना धोकाच वाटतो. दर वर्षी ब्रिटनमध्ये गाईंच्या हल्ल्यात माणसं जखमी होतात, काही दगावतातही. वासरांचा कळप दिसला तर पलीकडच्या शेतातून जा. जाणं भागच असेल तर गट एकत्र ठेवा, गाय आणि वासरू यांच्या मध्ये येऊ नका, पळू नका, फाटक कुठे आहे ते बघून ठेवा. तरुण बैलांचा कळप नुसत्या कुतूहलाने मागे मागे येतो. वळून उभं राहिलं आणि हात पसरले की बहुधा थबकतो. वळू असलेलं शेत सोडून द्या, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

कुणाचा कुत्रा बरोबर असेल तर कोकरं-वासरं असलेल्या शेतात तो न्यायचाच नाही. इतर वेळी दोरीवर, अगदी पायाजवळ. कुत्र्याने जनावरांना त्रास दिला तर २०२१च्या कायद्यानुसार ४०,००० पौंडांपर्यंत दंड किंवा बारा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र गाई अंगावर आल्याच तर कुत्र्याची दोरी सोडा. तो पळून वाचतो, आणि गाईंचा रोख तुमच्यावरून हटतो.

एप्रिलपासून जुलैपर्यंत टिटवी, कर्ल्यू, चंडोल हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. इथली टिटवी शेंडीवाली, पण वागणं आपल्या टिटवीचंच. ती डोक्यावर घिरट्या घालत कलकलाट करायला लागली तर घरटं जवळ आहे. आल्या पावली मागे या आणि दुसरीकडून जा.

पहिली वाट: मेलरोझ

कुठून सुरुवात करू, असं कुणी विचारलं की मी बॉर्डर्स भागातलं मेलरोझ सांगते. २०१५ साली एडिनबरा वेव्हर्ली ते ट्वीडबँक हा रेल्वेमार्ग पुन्हा सुरू झाला, त्यामुळे तासाभरात शेतीच्या मुलखात उतरता येतं. रविवारी गाड्या कमी असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा.

ट्वीडबँकहून ट्वीड नदीच्या काठाकाठाने मेलरोझ सुमारे तीन किलोमीटर. वाट सपाट आहे, गप्पा मारायला उत्तम. एप्रिल-मेमध्ये नदीकाठी रानलसणाचा वास सुटतो. त्याची पानं खातात, पण त्याच्याच शेजारी उगवणाऱ्या काही विषारी झाडांची पानं कोवळी असताना त्याच्यासारखीच दिसतात. ओळख पक्की नसेल तर नुसता वास घ्या आणि पुढे चला. मेलरोझमध्ये ११३६ साली स्थापन झालेल्या मठाचे अवशेष आहेत. इथले सिस्टर्शियन साधू मोठ्या प्रमाणावर मेंढ्या पाळायचे आणि त्यांची लोकर समुद्रापार युरोपात विकली जायची. पुढे दिवसभर ज्या मेंढ्या दिसतात त्यांची परंपरा निदान तितकी जुनी आहे.

मठापासून सेंट कथबर्ट्स वे ही १०० किलोमीटरची वाट सुरू होते, ती इंग्लंडच्या लिंडिसफार्न बेटापर्यंत जाते. आपल्याला तिचा पहिला तुकडाच हवा. खांबांवर क्रुसाची खूण दिसते, ती धरून चाला. गावाबाहेर पायऱ्या, मग शेतांच्या कडेने चढ, मग आइल्डनच्या तीन टेकड्यांपैकी दोघींच्या मधली खिंड. या चढावर मे महिन्यात काटेरी गॉर्सची झुडपं पिवळ्या फुलांनी भरलेली असतात, आणि ऊन पडलं की त्यांना चक्क नारळाचा वास येतो. कोकणातल्या माणसाने तिथे थांबून एकदा डोळे मिटून श्वास घ्यावाच. दम असेल तर खिंडीतून ४२२ मीटरच्या मधल्या टेकडीवर जाऊन या. वरून ट्वीडचं अख्खं खोरं, शेतांचे चौकोन आणि त्यांच्यामधले दगडी गडगे दिसतात. नसेल तर खिंडीतून सरळ पलीकडे झाडीतून उतरा, बाउडन गाव लागतं, आणि पुढे ओढ्याच्या कडेने न्यूटाउन सेंट बॉस्वेल्स. तिथून परतीच्या बस मिळतात.

ट्वीडबँकपासून सगळं मिळून बाराएक किलोमीटर होतं. वेळेचा अंदाज बांधायला स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली मांडलेला हिशोब अजून वापरतात: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर दहा मीटर चढाला एक मिनिट जास्त. या वाटेला त्या हिशोबाने तीन तासांच्या आत-बाहेर होतात. पण तो हिशोब न थांबता चालणाऱ्या सवयीच्या माणसाचा आहे. फोटो, चहा, चिखल आणि गप्पा धरून पाच तास ठेवा.

एप्रिलमधल्या एका शनिवारी मेलरोझमध्ये सेव्हन्स रग्बीची, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीची, मोठी स्पर्धा असते. या खेळाचा जन्मच इथे १८८३ साली झाला. त्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नसते, तारीख बघून घ्या.

निघण्याची तयारी

नकाशा मोबाइलवर उतरवून ठेवा, खोऱ्यांमध्ये नेटवर्क जातं. ऑर्डनन्स सर्व्हेचे केशरी मुखपृष्ठाचे १:२५,००० प्रमाणातले नकाशे यासाठी सर्वांत चांगले, कारण त्यात शेतांची कुंपणंसुद्धा दिसतात. वॉकहायलँड्स या संकेतस्थळावर प्रत्येक वाटेची अवघडपणाची आणि चिखलाची पातळी दिलेली असते. चिखलाची पातळी आधी बघा, ती क्वचितच चुकते.

हवामान एका दिवसात तीन ऋतू दाखवतं. एप्रिलमध्ये दुपारी दहा-बारा अंश असतं आणि त्याच आठवड्यात टेकडीवर बर्फही पडू शकतं. पूर्व किनाऱ्याजवळ समुद्रावरून ‘हार’ नावाचं दाट धुकं येतं आणि भर दुपारी गारठवून टाकतं. जीन्स घालू नका, भिजली की वाळत नाही. पातळ कपड्यांचे दोन-तीन थर, वर पाऊस न शिरणारं जाकीट, लोकरीचे मोजे, घोटा झाकणारे बूट, आणि पिशवीत एक जादा मोज्यांचा जोड. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात, मग संध्याकाळी पावणेआठपर्यंत उजेड असतो आणि मेअखेरीस साडेनऊनंतरही.

डबा घरचाच न्या. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, थालीपीठ, लाडू, थर्मासमध्ये चहा. रविवारी छोट्या गावांतली दुकानं बंद असू शकतात. ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी पिऊ नका, वरच्या अंगाला जनावरं असतात. संत्र्याच्या सालीसकट सगळा कचरा परत आणा. चूल, शेकोटी किंवा एकदा वापरून टाकायची बार्बेक्यूची थाळी बिलकूल नको. मार्च ते मे या काळात मागच्या वर्षीचं वाळलेलं गवत आणि नेचे तसेच उभे असतात, आणि स्कॉटलंडमध्ये वणवे सर्वांत जास्त याच दिवसांत लागतात. वाटेत शौचालयं जवळजवळ नसतात. वेळ आलीच तर पाण्यापासून निदान तीस मीटर लांब जा आणि खड्डा करून बुजवा.

गटाने चालताना

सहा-आठ जणांचा गट चांगला. चाल सर्वांत हळू चालणाऱ्याची. एक जण पुढे, एक जण शेवटी, आणि किती वाजता कुठेही असलो तरी परत फिरायचं ते सकाळीच ठरवा. स्पीकरवर गाणी लावू नका. टेकडीवर पोचल्यावर गळ्यानेच म्हणा हवी तर.

फाटकांचा नियम साधा आहे: जसं होतं तसं ठेवायचं. पण गटात तो हमखास मोडतो, कारण शेवटच्या माणसाला ते आधी उघडं होतं की बंद, हे माहीतच नसतं. मुद्दाम उघडं ठेवलेलं फाटक कुणीतरी भलेपणाने लावून टाकतो आणि पलीकडच्या मेंढ्यांचं पाणी तुटतं. म्हणून फाटक ज्याने उघडलं त्यानेच तिथे उभं राहून सगळ्यांना जाऊ द्यायचं आणि स्वतः लावायचं. कुलूप असेल तर बिजागरीच्या बाजूने, एकेकाने चढायचं. गडग्यांवर चढू नका. ते नुसते दगडावर दगड रचून बांधलेले असतात, एक दगड निसटला की हातभर भिंत खाली येते. पिवळ्या पाटीचं किंवा पांढऱ्या पट्टीचं कुंपण विजेचं समजा.

अरुंद डांबरी रस्त्यावर उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला. गाडीतला शेतकरी स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, तो नमस्कार असतो. हात वर करून उत्तर द्या. शेतात भेटला तर दोन शब्द बोला, कुठे निघालोय ते सांगा आणि पुढे कुठल्या शेतात कोकरं आहेत ते विचारा. मला आजवर या प्रश्नाचं उत्तर कधी तुटक मिळालेलं नाही. त्याने दुसरी वाट सुचवली तर तीच घ्या.

घरी परतल्यावर गोचीड शोधा: गुडघ्यामागे, काखेत, कंबरपट्ट्याखाली, केसांत. लाइम आजार त्यांच्यापासून होतो. बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ, हळू ओढा. तेल, काडी काही नको. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारं चट्टं उठलं किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा. वाटेत मोठी दुखापत झाली तर ९९९. फोनवरून ९९९ला ‘रजिस्टर’ असा संदेश आधीच पाठवून नोंदणी केली, तर आवाज जात नसेल तेव्हाही संदेशाने मदत मागता येते. हे निघायच्या आदल्या रात्री करून टाका.

मेलरोझ झाल्यावर

एडिनबराकरांनी ईस्ट लिंटनला जावं. तिथलं स्टेशन डिसेंबर २०२३मध्ये पुन्हा उघडलं. टाइन नदीकाठी प्रेस्टन मिल ही जुनी पाणचक्की आणि दुसऱ्या बाजूला हेल्स किल्ल्याचे अवशेष, मध्ये सगळी तांबडी सुपीक जमीन. ग्लासगोकरांना वेस्ट हायलँड वेचा मिलगाय ते ड्रायमेन हा पहिला टप्पा सोयीचा, साधारण एकोणीस किलोमीटर, कुरणांमधून आणि फारसा चढ नसलेला. ॲबर्डीनकरांसाठी डाइसहून निघणारी फॉरमार्टिन अँड बकन वे आहे. जुन्या रेल्वेमार्गावरची असल्यामुळे ती जवळजवळ सपाट आहे, दोन्ही बाजूंना शेतं आणि गुरं. वयस्कर आईवडील भारतातून आले असतील तर त्यांना न्यायला यापेक्षा चांगली वाट मला माहीत नाही. बावीस वर्षांखालच्यांना, स्कॉटलंडमध्ये राहत असतील तर, ओळखपत्रावर बसप्रवास फुकट आहे. विद्यार्थ्यांनी ते कार्ड पहिल्याच महिन्यात काढून घ्यावं.